नदीचे अदृश्य रक्षक

वहीचे कोरे, शुभ्र पान पाहिले म्हणजे मन प्रसन्न होते. परंतु ते पान तयार होताना किती पाणी मलिन होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. कारखान्यात बांबूचे व लाकडाचे तुकडे रसायनांत शिजवून त्यांचा लगदा करतात आणि तो पुनःपुन्हा धुतात. या धुण्याच्या तपकिरी पाण्यात बारीक तंतू, लाकडातील शर्करा आणि तंतूंना एकत्र बांधणारे लिग्निन नावाचे द्रव्य मिसळलेले असते.

हे पाणी तसेच नदीत सोडले तर काय होईल? नदीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. आयते अन्न मिळताच ते त्यावर तुटून पडतात आणि ते पचविताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यात प्राणवायू असतो तो जेमतेम ८ मिलिग्रॅम! तो संपला की मासे गुदमरून मरतात व नदीला दुर्गंधी सुटते.

मग जीवाणूंचे हे काम नदीबाहेरच करवून घेतले तर? इंग्लंडातील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१४ साली शहराच्या सांडपाण्यावर ही युक्ती यशस्वी करून दाखविली. पुढे कागदाच्या कारखान्यांनीही ती स्वीकारली.

प्रथम पाणी संथ ठेवून त्यातील तंतू तळाशी बसू देतात. नंतर ते मोठ्या हौदात घेऊन यंत्रांनी त्यात अखंड हवा खेळवितात. या पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस अल्प असतात; म्हणून पिकाला खत द्यावे, तशी ही द्रव्ये जीवाणूंना पुरवितात. जीवाणू घाण खाऊन वाढतात व त्यांचे पुंजके बनतात. दुसऱ्या हौदात हे पुंजके गाळ होऊन खाली बसतात आणि वरचे पाणी निवळते. विरजणासाठी थोडे दही राखून ठेवावे, त्याप्रमाणे यातील काही गाळ पुन्हा हवेच्या हौदात सोडतात.

लिग्निन मात्र जीवाणूंना सहजी पचत नाही. म्हणून निवळलेल्या पाण्यातही तपकिरी छटा उरते. ती घालविण्यास निराळे उपाय योजावे लागतात.

जे जीवाणू नदीचा श्वास कोंडतात, तेच योग्य जागी राबविले असता तिचे रक्षक ठरतात. परंतु हौदात हवा खेळविण्याच्या कामी माणसाने हयगय केली, तर हे रक्षक निष्प्रभ होतात आणि त्या हयगयीची शिक्षा मुक्या माशांना भोगावी लागते.