जुनी गाडी दुरुस्त करताना

मुलांनो, एखाद्या घराच्या पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. टायर फुटलेले, टाकीला गंज चढलेला, सीट फाटलेली. पाहणारा म्हणतो, "द्या भंगारात!" पण अशी गाडी घरच्या घरी पुन्हा चालू करता येते. तिला पैसा लागतोच, पण त्याहून अधिक लागतो तो धीर.

या कामाला मराठीत 'दुरुस्ती' म्हणतात. 'दुरुस्त' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. दुरुस्त म्हणजे बरोबर, योग्य. हा अर्थ मनात ठेवा. जुनी गाडी नुसती चकचकीत करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती मुळात जशी होती, तशी करणे म्हणजे खरी दुरुस्ती.

उदाहरण म्हणून 'जावा' ही मोटारसायकल घेऊ. तिचा जावा बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ साली जर्मनीतील 'वांडरर' कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले. 'यानेचेक' आणि 'वांडरर' या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. १९६१ पासून ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात बनू लागली. १९७३ पासून तिथल्या गाड्या 'येझदी' नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणून तिथे बनलेली प्रत्येक जुनी गाडी आज जपण्यासारखी आहे.

आता कामाला लागू. पहिले काम पाना हातात घेण्याचे नाही, पाहण्याचे आहे. गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. कोणती वायर कोठे जाते, याची आकृती वहीत काढा. मग एकेक भाग सोडवा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर चिठ्ठी लावा. खोलणे एका दिवसात होते; जोडायला महिने लागतात. तोपर्यंत कोणता बोल्ट कोठला, हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. म्हणजे आतला पिस्टन गंजामुळे सिलिंडरला चिकटून बसतो. अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावू नका. जोराने पिस्टनच्या रिंगा तुटतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल आत सोडा आणि काही दिवस थांबा. तेल हळूहळू फटींत उतरते. नंतर हलक्या हाताने हलवून पाहा. जे काम जोराने होत नाही, ते पुष्कळदा तेलाने आणि सबुरीने होते.

जावाचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोलबरोबरच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते, कारण पिस्टनला वंगण त्याच मिश्रणातून मिळते. गाडी चालू झाल्याच्या आनंदात कोणी तेल घालायला विसरला, तर पिस्टन तापतो आणि पुन्हा जाम होतो. महिन्यांची मेहनत काही मिनिटांत वाया जाते.

काही कामे धोक्याची आहेत. ती मोठ्या माणसांशिवाय करू नका. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. अशा टाकीला वेल्डिंग केले, तर स्फोट होऊ शकतो. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नका, ती फुप्फुसांना घातक असते. ओल्या कापडाने पुसून घ्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून राहिली. इंजिनावर आणि सांगाड्यावर एकेक क्रमांक कोरलेला असतो. तीच गाडीची ओळख. गंज काढताना उत्साहाच्या भरात कोणी त्यावर कानस चालवली आणि तो क्रमांक पुसला गेला, तर गाडीची ओळखच हरवते. कागदपत्रांशी क्रमांक जुळला नाही, तर ती गाडी चोरीची असल्याचा संशयही येऊ शकतो. म्हणून ती जागा मऊ ब्रशनेच साफ करावी.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन किंवा रॅलीसाठी ती रस्त्यावर आणता येते. पाहा, कायद्यानेही 'मूळ रूप' हीच अट घातली आहे.

म्हणून एखादा जुना भाग फेकण्यापूर्वी क्षणभर थांबा. तो झिजला असेल, तर दुरुस्त होतो का ते एखाद्या जाणत्या मिस्त्रीला विचारा. नवा भाग बाजारात कधी ना कधी मिळेल. पण कारखान्यातून गाडीबरोबर आलेला भाग एकदा भंगारात गेला, की तो परत येत नाही.