गुलछडीचं नाव काय?

मार्केट यार्डाच्या फुलबाजारात गुलछडी दोन तऱ्हांनी विकली जाते. सुटी फुलं किलोवर आणि लांब दांडे 'काडी' म्हणून जुडीवर. हारवाला एकेरी पाकळ्यांची घेतो, गुच्छवाला दुहेरी. भाव करताना वाणाचं नाव कुणी काढत नाही.

पण नाव असतं. ही मूळची मेक्सिकोची. एकेरी फुलाला बी धरतं आणि बियांपासून आलेली रोपं एकसारखी निघत नाहीत. त्यांतलं मनाजोगं निवडायचं आणि पुढे कंदांनीच वाढवायचं, म्हणजे गुण टिकतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं एकेरी-दुहेरीच्या संकरातून 'शृंगार' काढला. मग शृंगार आणि मेक्सिकन एकेरी यांच्या संकरातून 'प्रज्वल' आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण 'फुले रजनी'. जोतीरावांच्या घराण्याला 'फुले' हे नाव पेशवाईतल्या पुण्यात फुलांच्या व्यवसायावरूनच पडलं होतं. ते असं फुलाकडे परत आलं!

नाव केवळ हौसेचं नसतं. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीपुढे शृंगार तग धरतो. शेजाऱ्याकडून बिननावाचे कंद आणणाऱ्याला हे कसं कळावं? लागण फसली की दोष नशिबाला.

'गुलछडी'तला 'गुल' फारसी, 'छडी' आपली. हे नाव कुठल्या समितीनं दिलं नाही, लोकांच्या तोंडी ते रुळलं. ते खुशाल राहू द्या. फक्त फूल घेताना भाव विचारा आणि कंद घेताना नाव.