काडतूस घरी भरताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

"घरात बंदुकीची दारू ठेवणार? एखाद्या दिवशी घर उडेल!" अमेरिकेतला कुणी मराठी माणूस पिस्तुलाची काडतुसं घरी भरतो म्हटलं, की इकडचे नातेवाईक पहिल्यांदा हेच बोलतात. काळजी रास्त आहे. पण या कामात खरा धोका जिथे असतो, तिथे सहसा कुणाचं लक्षच जात नाही, आणि नवशिके तिथेच फसतात.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात दाबून बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, त्याच्या ठिणगीने दारू पेटते, तयार झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो. पुंगळी मागे उरते, आणि या चौघांत नवी घ्यायला सगळ्यात महाग तीच. ती पुन्हा आकारात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची. याला अमेरिकेत रीलोडिंग म्हणतात. तिथे लायमन, आरसीबीएस, हॉर्नडी, ली, डिलन अशा कंपन्या या कामाची अवजारं पिढ्यान्‌पिढ्या बनवत आल्या आहेत.

कायद्याचं आधीच सांगायला हवं. भारतात हा छंद नाही, गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो. मित्राला पैसे घेऊन शंभर भरून दिली, तरी प्रकरण अंगाशी येऊ शकतं. राज्यांचे नियम आणखी वेगळे.

पण "अमेरिकेत काय, कुणीही करतं" हे आपल्या लोकांच्या बाबतीत तर मुळीच खरं नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस, दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून नीट समजून घ्यावेत. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही मनाई लागू नाही. ऑफिसातला गोरा सहकारी करतो म्हणून आपणही करावं, इतकं हे सोपं नाही.

आता घर उडण्याबद्दल. आजची धूरविरहित दारू, जिचा पहिला यशस्वी प्रकार पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये बनवला, ती मोकळ्यावर पेटवली तर भसकन जळते. स्फोट होत नाही. कोंडलेल्या जागेत मात्र तिचा दाब प्रचंड वाढतो, म्हणून ती मूळ डब्यातच ठेवायची. हे डबे दाब वाढला की फाटतील असेच बनवलेले असतात. जाड लोखंडी पेटीत घट्ट कोंडून ठेवणं सुरक्षित वाटतं, पण परिणाम नेमका उलटा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेत घरात मूळ डब्यांतली वीस पौंडांपर्यंत दारू ठेवायला मुभा आहे.

स्फोटक असतो तो प्रायमर. दिसायला मसुराच्या डाळीएवढा, आणि लोक नेमके त्याच्याशीच बेफिकीर वागतात. कंपनी प्रायमर एकेका खाचेत सुटे ठेवून पाठवते ते उगीच नाही. ते काढून काचेच्या बरणीत ओतले, तर एक उडाल्यावर सगळे एकदम उडू शकतात. प्रायमर कंपनीच्या खोक्यातून लागतील तेवढेच काढावेत, आणि काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९८ च्या सुमाराचं, मुळात जुन्या, धूर ओकणाऱ्या काळ्या दारूसाठी बेतलेलं. काळी दारू जास्त लागायची, म्हणून पुंगळी लांब. आजच्या जलद जळणाऱ्या दारूचे निशाणेबाजीसाठी त्यात तीन-चार ग्रेन पुरतात, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. पौंडात ७,००० ग्रेन असतात, तेव्हा पौंडभर दारूत दोन हजारांच्या घरात काडतुसं भरतात. एवढीशी दारू त्या पुंगळीच्या तळाशी कुठेतरी दिसते. दारू मोजून घालणाऱ्या मापाची तरफ चुकून दोनदा ओढली गेली, तर दुप्पट दारूही आरामात मावते, वर गोळी नीट बसते, आणि बाहेरून पाहिलं तर ते काडतूस शेजारच्यासारखंच दिसतं. तराजू अचूक होता, मापांचं पुस्तक बरोबर होतं, दारूही तीच होती. फक्त मध्येच फोन वाजला.

म्हणून जाणते लोक पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत तोंड वर करून उभ्या करतात, सगळ्यांत दारू घालून होईपर्यंत एकही गोळी बसवत नाहीत, आणि मग बॅटरी घेऊन रांगेने प्रत्येक पुंगळीत डोकावतात. उजेड तिरका पडला की दारूची पातळी एकसारखी दिसते. एखादी वर आली असेल किंवा कोरडी राहिली असेल तर लगेच डोळ्यांत भरते. यासाठीच नवशिक्याने एकावेळी एकच काम करणारा साधा प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र, घ्यावा असं माझं ठाम मत आहे. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये दांडा ओढला की चार-पाच ठिकाणी चार-पाच कामं एकदम होतात. वेग मिळतो, पण काय चाललंय हे अंगवळणी पडण्याआधीच शेकडो काडतुसं तयार होतात.

दारू अजिबात न पडणं हेही तितकंच वाईट. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज येतो, पण दबका, फुसका. हाताला धक्का जवळजवळ नाही. अशा वेळी पटकन पुन्हा चाप ओढणाऱ्याची दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे का ते बघायचं. रेंजवर शेजारच्याने घाई केली तरी.

जास्त दारू म्हणजे चांगलं काडतूस, हा समज पुरुषांच्या गप्पांमध्ये फार. कागदाच्या निशाण्यावर नेम धरणारे उलट हलकंच भरतात, कारण हलक्या झटक्यात हात स्थिर राहतो. काडतुसांचे मापदंड ठरवणारी 'सामी' ही अमेरिकी संस्था १९२६ पासून आहे. तिची कमाल दाबाची मर्यादा .३८ स्पेशलसाठी दर चौरस इंचाला १७,००० पौंड, तर ९ मिमी ल्यूगरसाठी ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो. त्यातही ९ मिमीची पुंगळी आखूड, त्यामुळे गोळी जराशी जास्त आत बसली तरी दारूला जागा कमी पडते आणि दाब झपाट्याने चढतो. दारूचं वजन तेच असूनही. म्हणून काडतुसाची एकूण लांबी कॅलिपरने मोजणं हा दारू मोजण्याइतकाच गंभीर भाग आहे.

"दाब वाढला तर प्रायमर चपटा होईल, तेव्हा थांबू" असंही ऐकू येतं. कमी दाबाच्या काडतुसांत ही खूण मर्यादा बरीच ओलांडल्यावरच दिसू लागते, तोवर जुन्या रिव्हॉल्व्हरचं नुकसान होऊन गेलेलं असतं. छापील पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची. कुणी कुठेतरी सांगितलेलं माप वापरायचं नाही. दारूच्या नावावरही विसंबू नये. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या रायफलच्या दोन दारू आहेत. आकडा एकच, पण दोन्ही वेगळ्या, आणि एकीचं माप दुसरीला चालत नाही. काम करताना टेबलावर एका वेळी एकच डबा असावा.

सगळ्याच पुंगळ्या पुन्हा भरता येतात असंही नाही. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच छिद्र असतं, त्यातून प्रेसमधल्या साच्याची, म्हणजे डायची, पिन जुना प्रायमर सहज बाहेर ढकलते. बर्डन पद्धतीत दोन छिद्रं बाजूला असतात, पिन घातली तर मोडते. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, आणि अमेरिकेत चालते ती इंग्रजाची पद्धत. तोंडाला चीर पडलेली पुंगळी सरळ भंगारात टाकावी. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्या २५ मीटर पिस्तुलात .२२ रिमफायर काडतूस लागतं. त्याचं पेटतं रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, एकदा पिनने कड चेपली की ते घरी पुन्हा भरण्याजोगं राहत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. ९ मिमी कारखान्यातूनच स्वस्त मिळतं, तिथे बचत किरकोळ. .४४ मॅग्नम किंवा .४५ कोल्टसारख्या महाग काडतुसांत ती ठळक दिसते. टंचाईतून सुटका होते हाही भ्रम. २०२० नंतरच्या दोनेक वर्षांत अमेरिकेत प्रायमरच मिळत नव्हते, आणि प्रायमर नाही तर बाकीचं सामान असून उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा शिशाचा, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि झाडलेल्या पुंगळीच्या काजळीत ते उरतं. सुक्या भुशात पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रातून उडणारी धूळ नाकातोंडात जाते, आणि लहान मुलांना शिसं फार लवकर बाधतं. यंत्र घराबाहेर चालवावं, किंवा पुंगळ्या पाण्यात स्टीलच्या बारीक काड्या घालून धुवाव्यात. कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटं नकोत, आणि उठल्यावर मूल उचलून घेण्याआधी हात साबणाने धुवावेत.