टाके निघाल्यानंतर

तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरातली सगळी माणसं एकाच तारखेकडे डोळे लावून बसतात. पैशांची जुळवाजुळव, रक्तदाते, रजा, गावाकडून कोण येणार, रात्री वॉर्डाबाहेर कोण झोपणार, सगळं त्या तारखेभोवती आखलं जातं. कित्येक तासांनी सर्जन बाहेर येऊन ‘सगळं नीट काढलंय’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. फोनाफोनी होते, पाहुणे भेटून जातात. मग काही दिवसांनी नाकात नळी, मानेवर टाके आणि एका बाजूने सुजलेला चेहरा घेऊन वडील घरी येतात, आणि ज्याबद्दल कोणी फारसं बोललेलंच नसतं ते काम सुरू होतं.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आजारपणाने माझं एक मत पक्कं केलं. गाठ सर्जन काढतो, पण तोंड पुन्हा खातं-बोलतं होतं ते घरात. आणि ते काम पेशंटने स्वतःच करायचं असतं. मुलांनी त्याला लागेल ते हाताशी द्यायचं आणि मध्ये यायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड.

आपल्याकडे हा आजार बहुतेक वेळा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत सुरू होतो. तंबाखू-चुन्याची चिमूट, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा जिथे तासन् तास धरून ठेवतात, तीच ही जागा. वर्षानुवर्षं मिसरी लावणाऱ्या आयाही यातून सुटत नाहीत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण तोवर निम्मं आयुष्य गालात पुडी धरून काढलेली पिढी आज साठीच्या आसपास आहे. शरद पवारांचं तोंडाचं ऑपरेशन २००४ साली झालं आणि पुढे त्यांनी जाहीर कार्यक्रमांतून लोकांना या सवयीबद्दल सावध केलं. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच आजाराने गेले.

तपासणीचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांच्या खोलीबाहेर हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘त्यांना सांगू नका हं, खचतील.’ बोलणाऱ्याची माया खरी असते. तरीही सांगावं, असंच मला वाटतं. परळला टाटा रुग्णालयाच्या दारात उतरलेल्या माणसाला आपण कुठे आलो हे कळतंच. मग घरचे खोटं बोलताहेत हेही कळतं, आणि तो एकटा पडतो. शिवाय पुढचे सहा महिने त्याला दुखत असताना तोंड उघडण्याचे व्यायाम करायचे आहेत, चव नसताना पोटभर घ्यायचं आहे. का, हे माहीत नसेल तर तो ते का करील? सगळं एका बैठकीत सांगायला हवं असं नाही. ‘अण्णा, तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय?’ असं विचारता येतं. काही वडील म्हणतात, ‘तू बघ, मला फक्त काय करायचं ते सांग.’ तो निर्णय त्यांनी घेतलेला असतो, म्हणून मानायचा.

ऑपरेशननंतर घरचे सगळ्यात जास्त बुचकळ्यात पडतात ते मानेवरचा लांबलचक छेद पाहून. गाठ गालात, मग मान कशाला कापली? याचं उत्तर परळमध्येच शोधलं गेलं. मानेत गाठ हाताला लागत नाही अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मानेतल्याही लसिका ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की नंतर गाठ दिसली तर काढाव्यात, याची तुलना टाटा रुग्णालयातले डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. कर्करोगाच्या पेशी हाताला लागण्याआधीच तिथवर पोहोचलेल्या असू शकतात.

याची किंमत खांद्याला मोजावी लागते. खांदा उचलणारी नस याच भागातून जाते. ती शाबूत ठेवली तरी काही महिने दुबळी राहू शकते. मग हात डोक्यावर जात नाही, सदरा चढवता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. फिजिओथेरपिस्ट भिंतीवर बोटांनी वर चढण्याचा व्यायाम देतात. आम्ही भिंतीवर पेन्सिलीने रोज खूण करत होतो. कालच्या खुणेच्या वर बोट गेलं की अण्णा आईला हाक मारायला टाळी वाजवत.

गालाचा तुकडा काढल्यावर ती जागा भरावी लागते. कधी छातीवरचा स्नायू कातडीसकट वर फिरवून तिथे बसवतात, कधी हाताच्या पुढच्या भागाची कातडी घेतात, जबड्याचं हाड काढलं असेल तर पायातलं बारीक हाड. म्हणून तोंडाचा पेशंट लंगडताना दिसला तर घाबरू नये. बसवलेल्या भागाला रक्त पोहोचतंय का हे पाहायला पहिले दोन-तीन दिवस नर्स वारंवार टॉर्च घेऊन येतात. पेशंटची झोप मोडते म्हणून त्यांना अडवू नका. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी आणि ती बरेचदा राहून जाते: पुरुषाच्या छातीची कातडी तोंडात गेली तर तिथे केस उगवतात. आरशात ते पाहून माणूस हादरतो, लाजतो, कोणाला सांगत नाही. रेडिएशननंतर ते बहुधा कमी होतात, आणि तोवर डॉक्टर ते कापून देतात.

सुरुवातीचे काही दिवस श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली असू शकते. तेव्हा आवाज फुटत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच खुणा ठरवून घ्याव्यात: दुखतंय, कफ काढा, लघवी, पाणी, थांबा. लिहिता येणाऱ्यासाठी पाटी, न येणाऱ्यासाठी चित्रांचा कागद. आणखी एक विचित्र गोष्ट घडते. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी लोक ओरडून बोलू लागतात, किंवा त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलतात. ‘यांनी आज खाल्लं का?’ अहो, त्यांना ऐकू येतंय, त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर दिवस फिरतो तो नाकातल्या नळीभोवती. साधारण दर दोन तासांनी दोन-अडीचशे मिलिलिटर पातळ अन्न द्यायचं असतं. नेमकं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवून देतात. नाचणीची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, दूध, अंडं, केळ्याचं शेक, सगळं मिक्सरमधून काढून गाळून घ्यायचं, नाहीतर नळी तुंबते. आधी नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना ते पाहायचं. पेशंटला बसवून किंवा डोक्याकडून चांगलं उंच करून मगच सुरू करायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. सिरिंजचा दट्ट्या काढून अन्न आपोआप उतरू द्यायचं, जोर लावायचा नाही. अन्नाच्या आधी आणि नंतर थोडं पाणी. देताना ठसका लागला, धाप लागली तर तिथेच थांबायचं. नळी बाहेर आली तर घरी परत सरकवायची नाही, दवाखाना गाठायचा. गोळ्या कुटून देण्याआधी विचारून घ्यायचं, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

ही सगळी कामं पेशंट स्वतः करू शकतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आरशासमोर बसून, हातात सिरिंज धरून. पहिले काही दिवस हात थरथरतो, थोडं सांडतं. सांडू द्यावं. आयुष्यभर ज्याने घराला वाढलं त्याला दर दोन तासांनी कोणीतरी भरवायला येणं सहन होत नाही. आमच्याकडे आईने त्या दिवसांत स्वयंपाकात फोडणी देणं बंद केलं होतं. अण्णांना वास येईल आणि खाता येणार नाही म्हणून. अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘वास येऊ दे.’ दुसऱ्या एखाद्या घरात उलटही लिहिलं जाईल. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

आजार पुढच्या टप्प्यातला असेल तर ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू करतात, काहींना सोबत केमोही. दातांच्या डॉक्टरांची भेट त्याआधी व्हायला हवी. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, असे बहुधा ३० डोस. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलावर निश्चल पडायचं. किरणं लागतात तेव्हा काही जाणवत नाही. तोंड सोलवटायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. शेवटचा डोस झाला की घरचे पेढे वाटतात, पण जळजळ सगळ्यात वाईट असते ती शेवटी आणि त्यानंतरचा आठवडा-दोन आठवडे. तेव्हाच वजन घसरतं आणि तेव्हाच लक्ष सैल झालेलं असतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरायची. दुखण्याचं औषध असह्य होईपर्यंत थांबवून ठेवायचं नाही. दर आठवड्याला वजन करायचं. चव परत यायला महिने लागतात. ‘मीठच नाहीये’ म्हणून ताट सरकवलं तर स्वयंपाक करणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये.

सहा आठवडे परळला राहणं सगळ्यांना जमत नाही. ऑपरेशन मुंबईत झालं तरी रेडिएशन घराजवळ घेता येईल का, हे सर्जनला विचारावं. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय अशी ठिकाणं आहेत. मुंबईतच राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी कितीतरी कुटुंबांना आधार दिला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण त्यासाठी दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायला हवं. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

तोंड उघडण्याचा व्यायाम ही सगळ्यात दुर्लक्षित बाब. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी बसतात. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर स्नायू आणि कातडी आखडत जातात, आणि हे आखडणं उपचार संपल्यावरही महिनोन् महिने चालू राहतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, काही दिवसांनी आणखी एक सरकवायची. दुखतं. दिवसातून पाच-सहा वेळा करायचं म्हणजे कंटाळाही येतो. कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील, पण एकदा सुरू झालं की थांबू नये. आखडलेलं तोंड नंतर उघडणं फार कठीण. काड्यांची संख्या वहीत लिहून ठेवली की चढउतार दिसतो.

खालच्या ओठाची संवेदना बरेचदा गेलेली असते, त्यामुळे ओघळलेलं वरण कळत नाही. माणूस पंगत टाळू लागतो, मग लग्नं, मग दार वाजलं की आतल्या खोलीत जाऊ लागतो. खिशात रुमाल आणि छोटा आरसा असला तर बराच धीर येतो. पण महिनाभर झोप नाही, कशातच मन नाही, ‘कशाला वाचवलंत’ असं वारंवार तोंडी येत असेल तर ते उगाच म्हटलेलं समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि आईकडेही बघा. रात्री कफ काढायला उठणारी तीच असते, तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाते. परदेशात असलेल्या मुलाला वाटतं आपण काहीच करू शकत नाही. विम्याची कागदपत्रं आणि रात्रपाळीच्या मावशींचा पगार त्याने आपल्याकडे घ्यावा, म्हणजे पुण्यातल्या बहिणीला आठवड्यातली एक रात्र पूर्ण झोप मिळते.

पेशंटचा तंबाखू सुटलेला असतो. घरातल्या इतरांचा सुटलेला नसतो. वॉर्डाबाहेर बसलेल्या मुलाच्या खिशातही पुडी सापडते. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मदत मिळते, आणि दंतवैद्य दोन मिनिटांत तोंड तपासून देतो.

आजार उलटण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत जास्त असते, म्हणून तेव्हा दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढे अंतर वाढतं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी सहा-बारा महिन्यांनी करावी लागते. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता काढू नये; हाड भरून येत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा मानेत नवी गाठ दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर ‘काय म्हणताय काका?’ विचारतात तेव्हा शेजारच्या मुलाने उत्तर देऊ नये. अण्णांचे ‘प’ आणि ‘ब’ अजून नीट उमटत नाहीत, वाक्याला वेळ लागतो, बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली असतात. तरी डॉक्टरांना तेच ऐकायचं असतं. ओठ किती मिटतात, जीभ किती फिरते, हे त्यांना त्या बोलण्यातून कळतं.