हाड मोडले तरी डोके विसरू नका



आंब्या-फणसांचा हंगाम आला की आपल्या जोयडा तालुक्यातली मुले झाडावर चढणारच. कोणी जांभळे काढायला जातो, कोणी काजूच्या फांदीवर झोके घेतो, कोणी माळ्यावरून घसरतो. पडताना मूल हात पुढे टेकते आणि पुष्कळदा कोपराच्या वर हाड मोडते. पाच ते सात वर्षांच्या मुलांत ही इजा विशेष आढळते. हात सुजतो, वाकडा दिसतो, मूल रडून आकांत करते. साहजिकच घरातल्या सर्वांचे लक्ष त्या हाताकडे जाते. परंतु त्याच पडण्यात डोक्यालाही हिसका बसला असेल, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? आज त्याचाच विचार करू.

मेंदूचा हादरा म्हणजे काय?

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. जोराचा मार किंवा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. यासाठी डोके फुटावे लागत नाही, रक्त यावे लागत नाही, आणि मूल बेशुद्ध पडलेच पाहिजे असेही नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणे, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे, पडल्याची आठवण नसणे, उगाच चिडणे किंवा गप्प बसणे ही त्याची लक्षणे होत. काही लक्षणे लगेच दिसतात, काही कित्येक तासांनी.

आपल्या भागातली एक विशेष अडचण सांगतो. येथून कारवारला जायचे तर अणशीचा घाट उतरावा लागतो. हुबळी किंवा बेळगावला जायचे तरी वाट लांबची व जंगलातली. वाटेत मूल ओकले तर आपण म्हणतो, "गाडी लागली." झोपले तर म्हणतो, "रडून दमले, झोपू दे." कदाचित तसेच असेल. पण ओकारी आणि सुस्ती ही डोक्याच्या इजेचीही लक्षणे आहेत. म्हणून ही गोष्ट दवाखान्यात आवर्जून सांगितली पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीच का पहावे?

हाडात तार घालायची तर मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते. निरोगी मेंदू रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी आपल्याला लागणारे रक्त बरोबर राखतो. हादरा बसलेल्या मेंदूत हा ताबा सैल पडू शकतो. भुलेत रक्तदाब उतरतो. श्वास मंदावला तर रक्तातला कर्बवायू वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात व कवटीतला दाब वाढतो. आधी कल्पना असेल तर भूल देणारे डॉक्टर रक्तदाब, श्वास व प्राणवायू यांवर अधिक बारीक नजर ठेवतात.

दुसरे कारण अगदी साधे आहे. भुलेतून उठलेले मूल गुंगीत असते, कधी ओकतेही. ती गुंगी औषधाची की डोक्यातल्या माराची? आधी तपासून लिहून ठेवले नसेल, तर हे ओळखणे कठीण होते आणि मोलाचा वेळ जातो.

तपासणी कशी करतात?

ग्लासगो शहरातील टीसडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली शुद्ध मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना गुण देतात. कमीत कमी ३ आणि पूर्ण शुद्धीत १५. पण हादरा बसलेल्या मुलालाही १५ गुण मिळू शकतात. म्हणून डॉक्टर आणखी प्रश्न विचारतात: काय घडले ते आठवते का? आज वार कोणता? डोके दुखते का? शक्य असल्यास मुलाला चालवून तोल पाहतात. हात दुखत असताना मूल डोक्याचे दुखणे आपण होऊन सांगत नाही, म्हणून विचारावेच लागते.

प्रत्येक मुलाचे सी. टी. स्कॅन करावे काय? नाही. त्यात किरणांचा मारा होतो, आणि नुसता हादरा त्या चित्रात बहुधा दिसत नाही. कवटी तडकली आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का, हे मात्र त्यात कळते. २००९ साली अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीवरून स्कॅन कोणाला टाळता येईल याचे नियम ठरले. त्यात किती उंचीवरून पडले हेही पाहतात: दोन वर्षांखालील मुलास ३ फुटांहून अधिक, मोठ्या मुलास ५ फुटांहून अधिक उंची असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. तेव्हा "झाडावरून पडला" एवढेच न सांगता फांदी किती उंच होती तेही सांगावे.

शस्त्रक्रिया पुढे ढकलावी काय?

हे डॉक्टरांनी ठरवायचे. हाड कातडीबाहेर आले असेल, मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा बोटे थंड व पांढरी पडली असतील, तर थांबता येत नाही. तेव्हा डोके सांभाळूनच शस्त्रक्रिया करतात. तशी घाई नसेल तर लक्षणे उतरेपर्यंत थोडे थांबता येते. परंतु मुलांची हाडे लवकर सांधतात, म्हणून फार दिवस थांबणेही बरे नाही. "उद्या करू" असे डॉक्टर म्हणाले तर ती हयगय समजून मुलाला उचलून दुसरीकडे नेऊ नका. कारण विचारून घ्या.

आईवडिलांनी काय करावे?

१. मोडलेला अवयव आहे तसाच फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधावा. ओढू नये, चोळू नये.
२. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील तर मान न हलवता १०८ ला कळवावे.
३. चहा, पेज, बिस्किटे काही देऊ नये. भुलेसाठी पोट रिकामे लागते.
४. पडल्याची वेळ, उंची, डोके आपटले का, बेशुद्ध झाले का, किती वेळा ओकले, कोणते औषध दिले, हे कागदावर लिहावे. पडताना पाहिलेल्या सोबत्याला विचारावे. रागावू नये, म्हणजे तो खरे सांगेल.
५. पुन्हा पुन्हा ओकारी, वाढती डोकेदुखी, फिट, अडखळते बोलणे, एक बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, हाक मारून जागे न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

घरी आल्यावर मुलाला रात्रभर जागे ठेवण्याची गरज नसते. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढ्या वेळा उठवून पहावे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल व टी. व्ही. कमी, मग हळूहळू चालणे आणि शाळा. सायकल, झाडावर चढणे व धावपळीचे खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. हादरा पुरता बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर तो अधिक घातक ठरतो.

मोडलेला हात सर्वांना दिसतो. डोक्याचा मार विचारल्याशिवाय दिसत नाही. दवाखान्यात कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा: "डॉक्टर, डोक्यालाही लागले असेल, जरा पहा." एवढे एक वाक्य आपल्या लेकराच्या जिवाला उपयोगी पडेल.