अमेरिकेतील नर्सिंग होमचे तारांकन : मनुष्यबळ, तपासणी आणि शुश्रूषेची गुणवत्ता यांच्या तुलनेचे विवेचन

प्रस्तावना

'नर्सिंग होम' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह उभे राहते. मुंबई नर्सिंग होम नोंदणी अधिनियम, १९४९ या कायद्यानेही हा शब्द याच अर्थाने रूढ केला. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांना चोवीस तास शुश्रूषेची गरज असते, अशा व्यक्ती जेथे काही आठवडे, काही वर्षे वा अखेरपर्यंत राहतात, ती निवासी संस्था म्हणजे नर्सिंग होम. अशा सुमारे पंधरा हजार संस्था त्या देशात असून त्यांत बारा लाखांहून अधिक लोक राहतात.

आपल्या परिसरातील अशा संस्थांपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न तेथील कुटुंबांपुढे बहुधा अवचित उभा राहतो. रुग्णालयातून सुटी देण्याचा दिवस ठरलेला असतो आणि निर्णयासाठी हाती दोन-तीन दिवस असतात. ज्याच्यासाठी निवड करावयाची ती व्यक्ती अनेकदा स्वतः पाहणी करू शकत नाही, आणि पुढे हेळसांड झाली तर तक्रारही करू शकत नाही. म्हणूनच शासनाने या संस्थांची तुलनात्मक माहिती जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीची रचना समजावून सांगणे, तिच्यातील कोणते आकडे कितपत विश्वसनीय आहेत हे तपासणे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तिच्यातून काय घेता येईल याचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्देश आहेत.

पार्श्वभूमी

१९६५ मध्ये अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना सुरू झाल्या. पहिली मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी, तर दुसरी अल्प उत्पन्न गटासाठी आहे. नर्सिंग होममध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींचा खर्च मेडिकेडमधून होतो. म्हणजेच संस्था खाजगी असली तरी पैसा मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक असतो. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने नर्सिंग होममधील शुश्रूषेच्या दर्जाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील शिफारशींच्या आधारे १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणा कायदा संमत झाला. निवासींचे हक्क, विनाकारण बांधून ठेवण्यास मनाई, परिचारिका सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, दररोज किमान आठ तास नोंदणीकृत परिचारिकेची उपस्थिती आणि पूर्वसूचना न देता होणारी तपासणी या तरतुदी त्या कायद्याने आल्या.

तुलनात्मक माहिती १९९८ पासून संकेतस्थळावर देण्यात येऊ लागली. डिसेंबर २००८ मध्ये तिला एक ते पाच ताऱ्यांचे रूप देण्यात आले. या योजनांचा कारभार पाहणारी केंद्रीय यंत्रणा 'सीएमएस' या नावाने ओळखली जाते. तारांकनही तीच करते.

तुलनेचे तीन आधार

अ) तपासणी : प्रत्येक संस्थेची तपासणी राज्याच्या यंत्रणेकडून ९ ते १५ महिन्यांच्या अंतराने होते. तक्रार आल्यास स्वतंत्र तपासणी होते. आढळलेल्या प्रत्येक उणिवेचे दोन निकषांवर वर्गीकरण केले जाते. पहिला निकष गांभीर्याचा : त्याच्या चार पायऱ्या असून किरकोळ धोक्याच्या शक्यतेपासून जीवितास तात्काळ धोका येथपर्यंत त्या चढत जातात. दुसरा निकष व्याप्तीचा : उणीव एखाद्या ठिकाणची आहे, अनेक ठिकाणी दिसते, की सर्वत्र पसरली आहे. यातून बारा चौकटींचा तक्ता तयार होतो. प्रत्यक्ष इजा न करणाऱ्या एकाकी उणिवेस ४ दोषगुण, तर जीवितास धोका निर्माण करणाऱ्या सर्वत्र पसरलेल्या उणिवेस १५० किंवा अधिक दोषगुण मिळतात. जुन्या तपासणीपेक्षा अलीकडील तपासणीस अधिक वजन असते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. दोषगुणांची तुलना त्या राज्यापुरतीच केली जाते. राज्यातील सर्वांत कमी दोषगुणांच्या १० टक्के संस्थांना पाच तारे, सर्वाधिक दोषगुणांच्या २० टक्के संस्थांना एक तारा, आणि उरलेल्यांची दोन, तीन व चार ताऱ्यांमध्ये जवळपास समान विभागणी होते. म्हणजे राज्यातील सर्वच संस्था सुधारल्या तरी त्यांतील एकपंचमांशांना एकच तारा मिळणार, आणि सर्वच खालावल्या तरी एकदशांश पंचतारांकित राहणार. हडसन नदीच्या एका तीरावरील न्यूयॉर्कमधील संस्था आणि दुसऱ्या तीरावरील न्यूजर्सीतील संस्था यांच्या तपासणीच्या ताऱ्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही.

ब) मनुष्यबळ : येथील मूळ एकक 'प्रति निवासी प्रतिदिन शुश्रूषेचे तास' हे आहे. उदाहरणार्थ, १०० निवासी असलेल्या संस्थेत हे प्रमाण ४ तास असेल, तर दिवसाला ४०० तास काम होते. आठ तासांच्या पाळीप्रमाणे तिन्ही पाळ्या मिळून ५० जण कामावर असतात. प्रमाण ३ तास असेल, तर ही संख्या ३७-३८ वर येते. हा बारा जणांचा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु पलंगावर खिळलेल्या व्यक्तीस दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, घास भरविणे आणि शौचास नेणे या गोष्टी वेळेवर होतात की नाही, हे याच फरकावर अवलंबून असते. २००१ मध्ये शासनाला सादर झालेल्या अभ्यासात दीर्घ मुक्कामाच्या निवासींसाठी ४.१ तासांची पातळी पुढे आली होती. मे २०२४ मध्ये ३.४८ तासांचा किमान दंडक जाहीर झाला. तथापि २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली.

क) गुणवत्तेचे निर्देशक : यांत शय्याव्रण, म्हणजे ज्यांना आपण सर्रास बेडसोअर म्हणतो त्या जखमा, पडून झालेली गंभीर दुखापत, मूत्रमार्गाचा संसर्ग, मनोविकारावरील औषधांचा वापर, हालचालीच्या क्षमतेत झालेली घट आदींचा समावेश होतो. यांतील बहुतांश आकडे प्रत्येक निवासीच्या ठराविक काळाने भरल्या जाणाऱ्या मूल्यमापन-पत्रकातून येतात. हे पत्रक संस्थेचे कर्मचारीच भरतात.

एकत्रित तारा कसा ठरतो?

एकत्रित तारांकनाचा पाया तपासणीचे तारे हा आहे. मनुष्यबळास पाच तारे असल्यास त्यात एक तारा वाढतो आणि एकच असल्यास एक कमी होतो. गुणवत्तेच्या निर्देशकांसही हाच नियम लागू आहे. दोन काल्पनिक संस्था घेऊ. संस्था 'अ' : तपासणी २, मनुष्यबळ ३, निर्देशक ५, एकत्रित तारे ३. संस्था 'ब' : तपासणी ३, मनुष्यबळ ३, निर्देशक ३, एकत्रित तारे ३. कुटुंबास दोन्ही संस्था सारख्याच वाटतील. वस्तुतः पहिलीचा तिसरा तारा मुख्यतः तिने स्वतः भरलेल्या पत्रकातून आला आहे, तर दुसरीचे तिन्ही तारे बाहेरच्या निरीक्षकांच्या पाहणीवर उभे आहेत.

आकडा कोणी सांगितला?

नॅकच्या मूल्यांकनास सामोऱ्या गेलेल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा भेद नवा नाही. स्वयंअध्ययन अहवालात संस्था स्वतःविषयी जे सांगते आणि तज्ज्ञ समितीस भेटीत जे दिसते, या दोहोंत अंतर असू शकते. नर्सिंग होमच्या तारांकनाचा इतिहास म्हणजे हे अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

मनुष्यबळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. आरंभी संस्था तपासणीच्या सुमारास दोन आठवड्यांच्या मनुष्यबळाची माहिती स्वतःच एका नमुन्यात भरून देत असत, आणि त्यावरून पुढील वर्षभराचे तारे ठरत. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने ही माहिती वेतनपत्रकांच्या आधारे, पडताळणीयोग्य स्वरूपात देण्याचे बंधन घातले. जुलै २०१६ पासून संस्थांना दररोजचे तास कळविणे अनिवार्य झाले आणि एप्रिल २०१८ पासून तारांकनासाठी हेच आकडे वापरले जाऊ लागले. वेतन दिले नसेल तर उपस्थिती दाखविणे कठीण, हे त्यामागील साधे तत्त्व. या दैनंदिन आकड्यांवर आधारित, २०१९ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की शनिवार-रविवारी मनुष्यबळ लक्षणीय घटते, तसेच वार्षिक तपासणीच्या सुमारास ते वाढते आणि नंतर पुन्हा उतरते. दोन आठवड्यांच्या सरासरीत हे कधीच दिसले नसते. २०२२ पासून आठवडाअखेरचे मनुष्यबळ आणि कर्मचाऱ्यांचे नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण यांचाही ताऱ्यांच्या गणनेत समावेश झाला.

निर्देशकांच्या बाबतीत मात्र स्वयंनिवेदनाचा दोष टिकून राहिला. शिकागो विद्यापीठातील प्राची संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पडून गंभीर दुखापत झाल्याने रुग्णालयात दाखल झालेल्या निवासींच्या मेडिकेअर देयकांची संस्थांच्या पत्रकांशी पडताळणी केली. अशा दुखापतींपैकी केवळ ५७.५ टक्के दुखापती पत्रकात नोंदलेल्या आढळल्या. मनोविकारावरील औषधांच्या निर्देशकातून स्किझोफ्रेनियाचे निदान असलेल्या व्यक्ती वगळल्या जातात. या पळवाटेचा लाभ घेऊन पुरेशा आधाराविना असे निदान नोंदविले जात असल्याचे उघड झाल्यावर सीएमएसने २०२३ मध्ये या नोंदींची तपासणी सुरू केली, आणि दोषी संस्थांचे तारे कमी करण्याचे जाहीर केले.

तपासणीही निर्दोष नाही. केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००८ च्या अहवालानुसार, केंद्रीय निरीक्षकांनी पुन्हा केलेल्या तपासण्यांपैकी सुमारे १५ टक्के प्रकरणांत राज्याच्या निरीक्षकांकडून किमान एक अतिगंभीर उणीव नोंदवावयाची राहून गेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील ज्या नर्सिंग होममध्ये कोविडचा पहिला मोठा उद्रेक झाला, ती संस्था त्या वेळी पंचतारांकित होती.

महाराष्ट्राच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा येथे मुख्यतः घरी, ब्युरोमार्फत आलेल्या आया-मावशींच्या हातून, अथवा वृद्धाश्रमांत होते. १९४९ च्या कायद्यात पात्र परिचारिकेच्या देखरेखीची अट आणि आरोग्य अधिकाऱ्यास पाहणीचा अधिकार आहे, परंतु पाहणीत काय आढळले हे नागरिकांपुढे तुलनात्मक स्वरूपात ठेवण्याची व्यवस्था त्यात नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र तेथे प्रति निवासी शुश्रूषेचे तास किती असावेत, यासारखा मोजण्याजोगा निकष त्या कायद्यात आढळत नाही.

तारांकन जसेच्या तसे उचलावे, असा याचा अर्थ नाही. तथापि पुढील चार प्रश्न कोणत्याही संस्थेस, कोणत्याही देशात विचारता येतात :

१. हा आकडा संस्थेने सांगितला की बाहेरच्याने पाहून नोंदविला?
२. तो कोणत्या दिवसांचा आहे? रविवारी रात्री कामावर किती जण असतात?
३. सरासरीत कोणाचे तास धरले आहेत? अमेरिकेत कार्यालयीन जबाबदाऱ्या असणाऱ्या परिचारिकांचे तासही एकूण तासांत मोजले जातात.
४. ही तुलना कोणाशी केलेली आहे?

निष्कर्ष

तिन्ही आधारांपैकी वेतनपत्रकावर आधारित मनुष्यबळाचे आकडे सर्वाधिक भरवशाचे ठरतात. तपासणीचे अहवाल त्याखालोखाल येतात, मात्र त्यांतील ताऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष नोंदलेल्या उणिवा वाचणे अधिक उपयुक्त. संस्थेने स्वतः भरलेल्या निर्देशकांवर सर्वांत कमी विसंबावे. एकत्रित तारा ही निवडीची सुरुवात आहे, निर्णय नव्हे.

सीएमएसचे हे माहितीसंच विनामूल्य उपलब्ध असल्याने संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि वाणिज्य विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते प्रकल्पासाठी घेता येतील. त्याहून निकडीचे काम म्हणजे आपल्या तालुक्यातील वृद्धाश्रमांत रात्रीच्या पाळीस किती माणसे असतात, याची साधी नोंद करणे. ज्या वृद्धांच्या वतीने ही तुलना करावयाची, त्यांतील अनेकांना स्वतःची व्यथा शब्दांत मांडता येत नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी बाहेरून मोजणे, हाच त्यांच्या बाजूचा पहिला पुरावा ठरतो.