टाचेतला रक्ताचा थेंब

१९३४ साली नॉर्वेतल्या एका आईने बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुलं डॉ. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांना दाखवली. मुलांच्या अंगाला कुबट वास का येतो, हे तिला कोणीच सांगू शकत नव्हतं. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजेच पीकेयू, हा आजार असा उजेडात आला.

या आजारात प्रथिनांमधल्या फिनाइलॲलनिन या घटकाचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम नीट चालत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला इजा करतो. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं. ते दोघं मात्र ठणठणीत असतात.

१९५०च्या दशकात बर्मिंगहॅमला हॉर्स्ट बिकेल यांनी आहारातून उपचार शोधला. तो मेंदूला इजा होण्याआधीच सुरू करायला हवा, पण जन्मतः बाळ अगदी निरोगी दिसतं. मग ओळखायचं कसं?

उत्तर दिलं अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी. टाचेतलं रक्त टिपकागदावर वाळवायचं आणि तो तुकडा जीवाणूंच्या थरावर ठेवायचा. फिनाइलॲलनिन जास्त असेल तर त्याभोवती जीवाणूंचं कडं फोफावतं. १९६३मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही तपासणी सक्तीची केली. आता टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्रीने काही थेंबांत अनेक चयापचय विकार तपासता येतात.

निदान वेळेत झालं, तर मोजून दिलेली प्रथिनं आणि खास दूधपावडर यांवर मूल शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकतं.

भारतात ही तपासणी सर्वत्र सक्तीची नाही. नात्यात लग्न झालं असेल किंवा घरात आधी एखादं अर्भक कारण न कळता दगावलं असेल, तर प्रसूतीपूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडे या तपासणीची चौकशी करावी.